सतार वाजवणाऱ्या मुलीनं कोतो शिकायला जपानी विद्यापीठात जावं का?

सतार_कोथरूड

नमस्कार मंडळी. प्रश्न जरा लांब आहे, सांभाळून घ्या.

वय २३, बी.कॉम., सतारीत विशारद. रानडे इन्स्टिट्यूटमध्ये जपानी शिकले, जपानी भाषेच्या परीक्षेची एन-३ पातळी झाली, एन-२ ची तयारी चालू आहे. दिवसा कर्वे रोडवर एका सीएंच्या ऑफिसात जीएसटीची रिटर्न्स भरते, संध्याकाळी रियाज. भाषेच्या वर्गाच्या एका कार्यक्रमात कोतो, म्हणजे ते लांबलचक जपानी तंतुवाद्य, समोर बसून ऐकलं, तेव्हापासून ते डोक्यातून जात नाहीये.

मला ते छंद म्हणून नाही, विद्यापीठात रीतसर शिकायचंय. आणि वाजवायलाच शिकायचंय, त्यावर प्रबंध लिहायचा नाहीये. जपान सरकारची मेक्स्ट शिष्यवृत्ती यासाठी मिळते का? टोकियोच्या गेइदाइत, म्हणजे तिथल्या कला विद्यापीठात, पारंपरिक जपानी संगीताचा वेगळा विभाग आहे असं वाचलं. तिथे परदेशी मुलीला या वयात शून्यापासून घेतात का? सतारीचा हात उपयोगी पडतो की उलट आड येतो?

आणि एक बावळट शंका. 'रोकुदान' ही कोतोची रचना ऐकताना मला सारखा आपला गुणकली रागच ऐकू येतो. हे खरंच तसं आहे की माझ्या कानाला सवय लागलीये?

घरचं वातावरण असं: आई म्हणते, एक वाद्य तरी धड झालं का तुझं? बाबा म्हणतात, परत येऊन काय करणार? सतारीचे सर काहीच म्हणत नाहीत, नुसते हसतात. त्याचाच जास्त त्रास होतो.

शंकेखोर_शनिवार

आईंशी सहमत. विशारद म्हणजे दार उघडलं, घरात अजून पाऊल टाकलेलं नाही. सतारीवर अर्धा तास विलंबित सलग वाजवता येतं का, ते आधी स्वतःला विचारा. येत असेल तर खुशाल जा. येत नसेल तर तिकडे जाऊनही दोन वाद्यं अर्धी राहतील. कटू वाटेल, पण विचारलंत म्हणून सांगितलं.

खर्जाची_तार

शंकेखोर, मुलीनं कोतोबद्दल विचारलंय, सतारीची तोंडी परीक्षा घ्या असं कुठे म्हटलंय?

सतार_कोथरूड, मी जपानमध्ये एका विद्यापीठाच्या संगीतशास्त्र विभागात संशोधक विद्यार्थिनी होते. कोतो तिथेच शिकले, आता पुण्यात जपानी शिकवते. उत्तर लांब होणार आहे, चहा घेऊन बस. 'तू' म्हणतेय, चालेल ना?

आधी पैशाचं बोलू, कारण बहुतेकांची गाडी तिथेच अडते. मेक्स्टच्या संशोधक विद्यार्थी शिष्यवृत्तीच्या माहितीपत्रकात एक वाक्य असतं, ते कुणी वाचत नाही. काबुकी, पारंपरिक जपानी नृत्य अशा प्रयोगकलांचं शिक्षण या शिष्यवृत्तीत धरत नाहीत. म्हणजे अर्जात 'मला कोतो वाजवायला शिकायचंय' असं लिहिलंस तर गोष्ट तिथेच संपली. अर्ज संगीतशास्त्राचा करावा लागतो, आणि त्यात तुला खरोखर पडलेला एखादा संशोधनाचा प्रश्न असावा लागतो. यात लबाडी नाही. संगीतशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी एखादं वाद्य हाताळावं अशी बऱ्याच ठिकाणी अपेक्षाच असते, आणि विभागात वाद्यं असतात. प्रबंध नको म्हणतेस, पण या वाटेनं जायचं तर तो लिहावाच लागेल. तयारी ठेव.

दुसरी अडचण तुझं बी.कॉम. पदवीच्या विषयातच किंवा त्याच्याशी जोडलेल्या विषयात अर्ज करावा अशी अट आहे. गांधर्व महाविद्यालय मंडळाचं विशारद आपल्याकडे मोठं, पण मुलाखतीतल्या माणसांना ते विद्यापीठाची पदवी वाटेलच असं नाही. वयाची मर्यादा ३५ च्या आतली आहे, म्हणजे तुझ्या हातात वेळ आहे. तुझ्या जागी मी असते तर आधी आपल्या विद्यापीठाच्या ललित कला केंद्रात संगीतात एम.ए. केलं असतं. तेवढ्यात एन-२ होईल, सतारही पुढे सरकेल आणि शंकेखोरांचंही समाधान होईल.

अर्ज साधारण एप्रिल-मे मध्ये निघतात, आपल्याला मुंबईच्या वाणिज्य दूतावासातून करावा लागतो. जपानी आणि इंग्रजीची लेखी परीक्षा, मग मुलाखत. त्यात पास झालीस की तिथल्या प्राध्यापकाकडून स्वीकृतीचं पत्र आपणच मिळवायचं. म्हणून कोण कशावर काम करतं ते आधी शोध, आणि पत्र लिहिताना 'आपल्या जगप्रसिद्ध विद्यापीठात' वगैरे लिहू नकोस. त्यांचा एखादा लेख वाचून त्यावर एक नेमका प्रश्न विचार. शिष्यवृत्ती गेली काही वर्षं महिना १ लाख ४३ हजार येनच्या आसपास आहे, शिवाय फी माफ आणि विमानाचं तिकीट. टोकियोत यात चैन होत नाही, पण भात-मिसो आणि महिन्याला दोन मैफली होतात.

गेइदाइचं म्हणशील तर, तिथला होगाकु विभाग म्हणजे कोतो, शामिसेन (तीन तारांचं वाद्य), शाकुहाची (बांबूची बासरी), नोह (जुनं मुखवट्यांचं नाट्य), गागाकु (दरबारी संगीत) हे सगळं. प्रवेशाला वाजवून दाखवावं लागतं, आणि समोर बसलेली मुलं लहानपणापासून एखाद्या घराण्यात शिकलेली असतात. शून्यापासून पदवीला तिथे जायचा विचार सोडून दे. पण एक सोपा रस्ता आहे, तो कुणी सांगत नाही. जपानमधल्या पुष्कळ विद्यापीठांत विद्यार्थ्यांचे कोतोचे क्लब असतात. कुठल्याही विभागाच्या मुलांना चालतं, इंजिनिअरिंगची मुलंही असतात. वाद्य क्लबचं, बाहेरच्या शिक्षिका येऊन शिकवतात, जुनी मुलं नव्यांना धरून बसवतात आणि वर्षातून एकदा रीतसर मैफल होते. त्यातली बरीच मुलं स्वतःच नवखी असतात. २००२ पासून तिथल्या माध्यमिक शाळेत एक तरी जपानी वाद्य हाताळणं सक्तीचं आहे, पण तेवढ्यानं कुणी वादक होत नाही. म्हणजे भाषेच्या देवाणघेवाणीवर वर्षभर गेलीस तरी रंगमंचावर बसता येतं. मला तर क्लबमध्ये जे आलं ते वर्गात आलं नाही.

आता हात. तुझी सतारीची तर्जनी तयार आहे, दा आणि रा दोन्ही आघात तिच्या अंगात मुरलेत, आणि अंगठा भोपळ्यापाशी गप्प टेकलेला असतो. कोतोत सगळं उलटं. उजव्या हाताच्या अंगठा, तर्जनी आणि मधल्या बोटात तार छेडायच्या नख्या असतात आणि बहुतेक काम अंगठा करतो. तार आपल्यापासून दूर ढकलायची आणि नखी पुढच्या तारेवर टेकवून थांबवायची. तुझा हा अंगठा शून्यातून सुरू होणार आणि तर्जनी सारखी मध्ये तोंड खुपसणार. मीही सतारवालीच, म्हणून सांगतेय. इकुता घराण्यात नखी चौकोनी, म्हणून वाद्याला तिरकं बसायचं. यामादा घराण्यात ती टोकाशी गोलसर, तिथे सरळ बसतात. कुठल्या घराण्यात जायचं ते बहुधा तुझा गाव आणि तुझी शिक्षिका ठरवतील.

डावा हात तुझ्या कामी येईल आणि तिथेच तुझी परीक्षाही होईल. तेरा तारा, प्रत्येकीखाली सरकवता येणारी घोडी. घोडीच्या डावीकडे तार दाबली की स्वर अर्धा किंवा पूर्ण चढतो. आपल्याला मींडेची इतकी सवय असते की दाबत दाबत स्वराकडे घसरत जावंसं वाटतं. पण बऱ्याच जागी स्वर आधीच दाबून ठेवलेला हवा, छेडला की स्वच्छ तिथेच वाजला पाहिजे. काही जागी छेडल्यानंतर दाबायचं, ती वेगळी क्रिया, तिला वेगळं नाव आहे. कधी तार घोडीकडे ओढून स्वर किंचित उतरवतात. माझ्या शिक्षिका एवढंच म्हणायच्या, 'तुमचा हात फार बोलतो.' पहिले काही महिने डाव्या बोटांची टोकं दुखतात, सतारीचे घट्टे असले तरी. दाब वेगळ्या जागी पडतो ना.

आणि हे तुला कुणी सांगितलं नसणार: गावं लागतं. कोतोच्या जुन्या रचनांमध्ये वादकच गातो, वाजवता वाजवता. मधले वाद्याचे लांब भाग आपण यूट्यूबवर ऐकतो आणि समजतो की हे नुसतं वाद्यसंगीत आहे. शिवाय इकुतामध्ये शामिसेनही शिकावं लागतं. मग कोतो, शामिसेन, शाकुहाची आणि गळा एकत्र येतात तेव्हा सगळे एकच चाल वाजवतात, पण जरा पुढेमागे. पहिल्या तालमीत मला वाटलं कुणाचा तरी ठेका चुकतोय. आपली साथीची पेटी गायकाच्या किंचित मागे राहते ना, ती आठवली आणि मग बसलं डोक्यात.

आता गुणकली. तुझ्या कानाचा काही दोष नाही. 'रोकुदान' हिराजोशी नावाच्या जुळणीत आहे. तिच्यातल्या पाचव्या तारेला सा मान. सहावी कोमल रिषभ, सातवी मध्यम, आठवी पंचम, नववी कोमल धैवत, आणि दहावीवर वरचा सा. गुणकलीचे पाचही स्वर जसेच्या तसे. एवढ्यावर लोक पुण्यातल्या कार्यक्रमांत भाषणं ठोकतात. मग बेंझाइतेन म्हणजे आपली सरस्वती, मग ७५२ साली नारातल्या महाबुद्धाचे डोळे उघडायच्या सोहळ्याला बोधिसेन हा भारतीय भिक्षू मुख्य होता आणि गागाकुतले काही नाच परंपरेनं त्याच्या नावावर आहेत, हे सगळं ओघानं येतं. हे खोटं नाही. पण अर्जात पहिल्या परिच्छेदात हे घातलंस तर तिथला प्राध्यापक दुसरा परिच्छेद वाचणार नाही. असे अर्ज त्यानं पुष्कळ पाहिलेले असतात.

स्वर तेच, पण वागणं वेगळं. त्यात वादी-संवादी शोधू नकोस, आलाप करत बसू नकोस. 'रोकुदान' म्हणजे सहा खंड. पहिल्यात सुरुवातीच्या चार मात्रा जास्तीच्या, बाकी प्रत्येक खंड १०४ मात्रांचा. संथ सुरू होतं, खंडागणिक वेग वाढतो आणि शेवटी परत निवतं. आपल्याकडे द्रुतावर तिहाई मारून टाळ्या घ्यायची सवय, तिथे हळूहळू थांबायचं असतं, आणि ते फार अवघड आहे. रचना परंपरेनं यात्सुहाशी केंग्योच्या नावावर आहे. हा अंध वादक १६८५ मध्ये गेला, म्हणजे शिवाजी महाराजांच्या काळातला माणूस.

संशोधनाचा प्रश्न हवा असेल तर एक सुचवते. कोतोतही बोल आहेत: तोन, तेन, शान, कोरोरिन. शिक्षिका आधी तोंडानं म्हणतात, मग हात. तू तबल्याचे आणि सतारीचे बोल घेऊन वाढलीयेस. तोंडी बोल आणि तारांचे आकडे लिहिलेली स्वरलिपी, दोन्ही असताना क्लबमधली मुलं प्रत्यक्षात कशाच्या आधारानं लक्षात ठेवतात? हे बघायला वाजवावंच लागेल. म्हणजे तुझंही काम झालं आणि मेक्स्टचंही.

हवाबदल_बाणेर

खर्जाची तार, लेख म्हणून छापा हो हे.

पण मी जरा वेगळं सांगणार. चाकणकडच्या एका कोरियन कंपनीत असताना मला सोलला पाठवलं होतं, तिथे शनिवारी जांग्गु शिकलो. जांग्गु म्हणजे दोन तोंडांचा, मध्ये बारीक असलेला ढोल. वाद्य म्हणून कोतो सुंदर आहेच, पण सतारवाल्यांनी गायागुम हे कोरियन तंतुवाद्य एकदा हाताळून बघावं असं माझं ठाम मत आहे. बारा तारा, पीळ दिलेल्या रेशमाच्या, आणि नखी नाही! उघड्या बोटांनी छेडायचं, टिचकीसारखं उडवायचं. डाव्या हातानं तार इतकी हलवतात की मींड आणि आंदोलन दोन्हीची भूक भागते. ताईंच्या शिक्षिका म्हणाल्या ना 'हात फार बोलतो', तिथे तो बोलावाच लागतो.

आणि सान्जो ऐका. एकटं वाद्य आणि साथीला जांग्गु. जिनयांगजो नावाच्या अगदी विलंबित लयीत सुरू होतं, मग जुंगमोरी, जुंगजुंगमोरी, जाजिनमोरी आणि शेवटी ह्वीमोरीत घोडदौड. पूर्ण वाजवलं तर तासाच्या आसपास जातं. साथीदार मध्येच 'ओल्सिगू!' म्हणून दाद देतो, आणि ती द्यायचीच असते. सवाईच्या मंडपात 'क्या बात है' म्हणणारा माणूस तिथे लगेच रुळेल. ही पद्धत १९ व्या शतकाच्या शेवटी आकाराला आली, किम चांग-जो यांचं नाव घेतात.

बी.कॉम. चं वाईट वाटून घेऊ नका. ह्वांग ब्योंग-गी हे गायागुमचे सगळ्यात मोठे आधुनिक नाव, त्यांची पदवी कायद्याची, सोल राष्ट्रीय विद्यापीठाची, १९५९ ची. गंमत म्हणजे त्याच विद्यापीठात त्याच वर्षी कोरियन संगीताचा विभाग सुरू झाला. पुढे ते एव्हा महिला विद्यापीठात प्राध्यापक झाले. सोलमधल्या राष्ट्रीय गुगाक, म्हणजे पारंपरिक कोरियन संगीताच्या, केंद्रात परदेशी लोकांसाठी वर्ग असतात, तिथून सुरुवात करता येते. कोरियन सरकारच्या शिष्यवृत्तीत आधी भाषेचं वर्ष धरलेलं असतं, म्हणून भाषा येत नसली तरी अडत नाही.

शंकेखोर_शनिवार

टोकियोत राहून आलात, सोल पाहून आलात, पण बाबांच्या प्रश्नाचं उत्तर दोघांनीही दिलं नाही. परत येऊन काय करणार?

खर्जाची_तार

बरोबर पकडलंत. कोतो वाजवून पुण्यात पोट भरत नाही. मी ओळखते त्या सगळ्यांचं पोट जपानीवर चालतं: शिकवणं, भाषांतर, कंपन्यांत दुभाषीगिरी. पुण्यात जपानीला काम आहे आणि एन-१, म्हणजे परीक्षेची सगळ्यात वरची पातळी, असलेल्या माणसाला ते मिळतं. विद्यापीठातल्या दोन-तीन वर्षांत भाषा जी सुधारते ती इथे राहून सुधारत नाही. म्हणजे बाबांना सांग, कोतोचा खर्च भाषा भरून काढेल. हे मी गंमतीत म्हणत नाहीये, माझं घर तसंच चालतं.

संगीतात नोकरी हवी असेल तर पीएच.डी. पर्यंत जावं लागेल, आणि भारतात पूर्व आशियाई संगीताच्या जागा हाताच्या बोटांवरही येणार नाहीत. हे माहीत असून जायचं असेल तर जा.

सतार_कोथरूड

किती लिहिलंत तुम्ही सगळ्यांनी! ताई, तुमची पोस्ट बाबांना वाचून दाखवली. 'एन-१' ऐकल्यावर त्यांनी चष्मा काढून पुसला. आमच्याकडे याचा अर्थ विचार करतो असा होतो. ललित कला केंद्राच्या प्रवेशाची चौकशी सोमवारी करते.

हवाबदल, सान्जो ऐकलं. जिनयांगजो संपेपर्यंत बसच्या दोन स्टॉपपुढे गेले. पण मन कोतोवरच आहे, क्षमस्व.

शंकेखोर, विलंबित पाऊण तास वाजतं. नोंद घ्यावी.

ताई, शेवटचं. घरी सरावाला वाद्य कुठून आणायचं? ते सहा फूट लांब, आमची लिफ्ट चार माणसांची. आणि पुण्याचा पाऊस? माझी सतार जुलैत रुसून बसते.

खर्जाची_तार

लिफ्टचं विसर, जिन्यानं दोघी मिळून नेऊ. १८० सेंटिमीटर असलं तरी लाकूड पाउलोनियाचं, अंगानं हलकं असतं.

पावसाची काळजी करू नकोस. जपानमध्ये जूनमध्ये त्सुयु, म्हणजे तिथला पावसाळा, सुरू होतो, भिंती घामेजतात इतकी दमट हवा. वाद्य त्यातच वाढलेलं. पाउलोनिया दमटपणाला टिकतं म्हणून तिथे किमोनोची कपाटं त्याच लाकडाची करतात. पुण्यात जपायचं ते मार्च ते मे, कोरड्या उन्हाळ्यात. पश्चिमेच्या खिडकीपाशी आणि थेट पंख्याखाली ठेवायचं नाही, वर जाड सुती खोळ घालायची. माझ्या वाद्याला जे काही झालं ते एप्रिलमध्येच झालं.

तारांना जपानबाहेर दुकान शोधत बसावं लागत नाही. पूर्वी रेशमाच्या असत, आता बहुतेक पॉलिएस्टरच्या, सहसा तुटत नाहीत. तुटलीच तर शेपटाकडे जास्तीची तार गुंडाळून ठेवलेली असते, ती पुढे ओढून पुन्हा बांधायची. मिरजेच्या कारागिरांचा हात कितीही चांगला असला तरी त्यांना हा ताण सवयीचा नाही, म्हणून गाठ मी तुला शिकवेन.

जुनं वाद्य स्वस्तात मिळतं, पण एक बघ. जुन्या नख्या आणि काही जुन्या घोड्या हस्तिदंताच्या असतात. विकणारा कौतुकानं सांगेल, आपण हात लावायचा नाही. भारतात आणणं बेकायदा आहे, कस्टमवाला वाद्यासकट ठेवून घेईल. प्लास्टिकच्या घोड्या घे, सरावाला काही फरक पडत नाही. नखीचं मात्र माप लागतं, चामड्याचं कडं बोटात घट्ट बसलं पाहिजे. माझी कडी तुला सैल होतील.

ललित कलाची चौकशी झाली की मेसेज कर, मग रविवारी माझ्याकडे ये. उजव्या हाताची तीन बोटं नखापाशी दोऱ्यानं मोजून आण, म्हणजे पुढच्या पार्सलबरोबर नख्या मागवता येतील. तोवर माझ्या वाद्यावर अंगठ्यानं एकच काम कर: तेराव्या तारेपासून दुसरीपर्यंत, एकेक, पुढच्या तारेवर टेकवत.